संगणकाचा कारभारी

[शाळेच्या संगणक-कक्षातील जुन्या यंत्रांवर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम बसवावी, असा प्रश्न निघाला असता विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे. वैयक्तिक संगणकाचा अमेरिकेतील इतिहास सांगता सांगता वक्त्याने निवड कशी करावी, याचा विचार यात मांडला आहे.]



तुमच्या वर्गात सध्या दोन तट पडले आहेत, असे तुमच्या सरांनी मला सांगितले. एक गट म्हणतो, "विंडोजच हवी." दुसरा म्हणतो, "लिनक्स घ्या." दोघांनाही माझ्याकडून एका शब्दात उत्तर हवे आहे. ते मी देणार नाही. हा वाद जेथे सुरू झाला, त्या अमेरिकेत मी तुम्हांला घेऊन जाणार आहे. तेथील लोकांनी कोणत्या वेळी काय निवडले आणि का निवडले, हे समजले की तुमचे उत्तर तुम्हीच शोधाल.

प्रथम ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, ते पाहू. पूर्वी मोठ्या वाड्यात एक कारभारी असे. कोठीत धान्य कोठे ठेवले आहे, कोणत्या गड्याला कोणते काम द्यायचे, आलेल्या पाहुण्याला कोठे उतरवायचे, हे सारे तो पाही. ऑपरेटिंग सिस्टिम हा संगणकाचा कारभारी आहे. तुम्ही कळ दाबली की अक्षर पडद्यावर नेणे, फाइल जागेवर ठेवणे, छपाई-यंत्राला काम सांगणे, एका वेळी चालणाऱ्या अनेक प्रोग्रॅमना स्मृतीची जागा वाटून देणे, ही त्याची कामे. कारभारी नसेल, तर वाडा कितीही मोठा असो, काम होत नाही.

जानेवारी १९७५ मध्ये अमेरिकेतील एका मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' या यंत्राचे चित्र आले. न्यू मेक्सिको राज्यातील एका लहान कंपनीने ते बनवले होते. त्याला पडदा नव्हता, कळफलकही नव्हता. पुढच्या बाजूला खटके आणि लहान दिवे होते. खटके वरखाली करून यंत्राला सूचना द्यायच्या आणि दिवे पाहून उत्तर ओळखायचे! तरीही सामान्य माणसाला घरी ठेवता येईल असा संगणक मिळाला, म्हणून लोकांना अपार आनंद झाला.

पुढे निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे आली. एका यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नसे. कॅलिफोर्नियातील गॅरी किल्डॉल या प्राध्यापकाने १९७४ मध्ये 'सीपी/एम' नावाची ऑपरेटिंग सिस्टिम तयार केली होती. यंत्रे वेगळी असली, तरी कारभारी एकच असल्यामुळे तोच प्रोग्रॅम अनेक यंत्रांवर चालू लागला.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम या बलाढ्य कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्यासाठी ग्राहकाला एकाहून अधिक ऑपरेटिंग सिस्टिम उपलब्ध झाल्या. मायक्रोसॉफ्टने पुरवलेली 'डॉस' ४० डॉलरला होती. सीपी/एमची नवी आवृत्ती काही महिन्यांनी आली, तिची किंमत २४० डॉलर होती. लोकांनी कोणती घेतली असेल? अर्थात स्वस्त आणि आधी आलेली! ही डॉस मुळात सिएटल येथील टिम पॅटरसन यांनी लिहिली होती. मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली. मात्र ती इतर कंपन्यांना विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने आपल्याकडे राखून ठेवला. आयबीएमसारखीच यंत्रे जेव्हा इतर कंपन्या बनवू लागल्या, तेव्हा त्या सर्वांवर डॉस आली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. जेथे गर्दी, तेथे दुकाने लागतात आणि जेथे दुकाने, तेथे गर्दी होते. डॉसवर माणसे जास्त, म्हणून प्रोग्रॅम जास्त. प्रोग्रॅम जास्त, म्हणून आणखी माणसे. बहुसंख्यांनी घेतलेली वस्तू सर्वांत चांगली असतेच असे नाही. पण अडचण आली तर शेजारी विचारायला माणूस मिळतो, हाही फायदा लहान नाही.

डॉस वापरणे मात्र सोपे नव्हते. काळा पडदा, त्यावर आज्ञा टाइप करायच्या. फाइलचे नाव आठ अक्षरांत बसवायचे, पुढे टिंब देऊन आणखी फार तर तीन अक्षरे! एक अक्षर चुकले की यंत्र आज्ञा नाकारी. २४ जानेवारी १९८४ रोजी ॲपल कंपनीने 'मॅकिंटॉश' आणला. त्यात माउस होता आणि पडद्यावर चित्रे होती. माउस ही कल्पना डग्लस एंगेलबर्ट यांची. त्यांनी ती १९६८ मध्येच सॅन फ्रान्सिस्को येथे लोकांना करून दाखवली होती. मॅकिंटॉशची किंमत २,४९५ डॉलर, म्हणजे सामान्य अमेरिकन कुटुंबालाही जड जाईल अशी होती.

सोपेपणाचीही गंमत असते. मॅकिंटॉशमधून फ्लॉपी बाहेर काढायची, तर पडद्यावरील तिचे चित्र ओढून कचरापेटीच्या चित्रात टाकत. नवख्या माणसाचा हात थरथरे. त्याला वाटे, आपले लिखाणच पुसले जाईल! ते पुसले जात नसे, फ्लॉपी तेवढी बाहेर येई. २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या 'विंडोज ९५' मध्ये यंत्र बंद करण्यासाठी आधी 'स्टार्ट' हे बटण दाबावे लागे. बंद करायला 'सुरू' दाबायचे, याचे लोकांना हसू येई. तात्पर्य काय, तर आपण ज्याला सोपे म्हणतो, ते पुष्कळदा सवयीचे असते.

तिसरा विचार स्वातंत्र्याचा. बोस्टनजवळील एमआयटी या संस्थेत काम करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये असे जाहीर केले, की आपण एक मुक्त प्रणाली लिहिणार. तिची आतील रचना कोणीही पाहावी, सुधारावी आणि दुसऱ्याला द्यावी. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिला उपयोगी पडणारा गाभा लिहिला. दोन्हींच्या मेळातून आज आपण ज्याला लिनक्स म्हणतो, ती प्रणाली उभी राहिली. हा कारभारी आपले हिशेबाचे वहीखाते सर्वांना उघडून दाखवतो.

आता एक घरचा अनुभव सांगते. माझी आत्तेबहीण न्यू जर्सीत राहते. १९९८ साली आत्याची पंचाहत्तरी होती. बहिणीने तेथील संगणकावर चार पानांचे मराठी पत्र लिहून इकडे पाठवले. येथील यंत्रावर ते उघडले, तर पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची नुसती खिचडी! तिकडचा मराठी फाँट इकडे नव्हता. अखेर तिने ते छापून टपालाने पाठवले. ते आले, तेव्हा समारंभ होऊन गेला होता.

असे का झाले? संगणक अक्षर ओळखत नाही, अंक ओळखतो. त्या काळी अनेक फाँटांत रोमन अक्षराच्या अंकावरच मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असे. फाँट नसेल, तर पुन्हा रोमन अक्षर दिसे. म्हणून अमेरिकेतील अनेक मराठी माणसे रोमन लिपीतच मराठी लिहीत. अविनाश चोपडे यांनी तर अशा रोमन लिखाणापासून देवनागरी छपाई करणारा 'आयट्रान्स' हा प्रोग्रॅम तयार केला.

यावर कायमचा उपाय म्हणजे युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. जगातील लिपींच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक, ही त्यामागील कल्पना. आपल्या 'क'चा क्रमांक २३२५. विंडोज असो, मॅक असो, लिनक्स असो वा भ्रमणध्वनी, 'क' म्हणजे २३२५च. विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' हा देवनागरी फाँट आपले सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला, हे तुम्हांला सांगताना मला अभिमान वाटतो.

मित्रांनो, आता तुमच्या वादाकडे वळू. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. अनेक जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. तुमची यंत्रे त्यांपैकीच असतील, तर ती मोडीत काढावी की त्यांवर लिनक्स बसवावी, हा खरा प्रश्न आहे. तो सोडवताना स्वतःला तीन गोष्टी विचारा. मला कोणते काम करायचे आहे आणि त्याचे प्रोग्रॅम येथे चालतात का? अडले तर मदत करणारे कोणी जवळ आहे का? आणि मी आज लिहिलेले उद्या दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या माणसाला वाचता येईल का?

पहिले दोन प्रश्न सर्वांना सुचतात. तिसरा बहुतेक जण विसरतात आणि आत्याच्या पत्रासारखी गत होते. कारभारी बदलतात; सीपी/एम गेली, डॉस मागे पडली. वाड्यातील ठेव मात्र आपली असते. म्हणून कोणतीही प्रणाली घ्या, पण मराठी युनिकोडमध्येच लिहा, सर्वत्र उघडेल अशा स्वरूपात फाइल ठेवा आणि तिची एक प्रत दुसरीकडे जपा. मग दोन्ही तटांच्या मुलांना एकमेकांचे निबंध वाचता येतील.