शेजारचा देश आणि भूगोलाचा तास

गिरगांवापासून लालबाग-परळपर्यंतच्या कोणत्याही शाळेंत शेजारच्या देशांचीं नांवें विचारलीं, तर मुलें तीं घडाघडा सांगतील. राजधानी, मोठी नदी, मुख्य पीक, हेंही सांगतील. परंतु तेथें माणसें कशीं राहतात, असें विचारतां बहुतेकांचें उत्तर एका वाक्यांत आटोपतें. नकाशावर प्रत्येक देशास एकच रंग दिलेला असतो, आणि मुलांच्या मनांत तेथील माणसांनाही तोच रंग चिकटून बसतो. तो पुसून काढणें हें भूगोलशिक्षकाचें खरें काम होय; आणि तें काम घराच्या उंबरठ्यापासूनच सुरू करतां येतें.

म्यानमारचें, म्हणजे मराठी घरांस अधिक परिचित असलेल्या ब्रह्मदेशाचें, उदाहरण घेऊं. गिरगांव चौपाटीवरील लोकमान्यांचा पुतळा मुलांच्या नित्य पाहण्यांतला आहे. १९०८ सालीं मुंबईच्या हायकोर्टांत शिक्षा झाल्यावर लोकमान्यांना मंडालेस नेलें, १९१४ पर्यंत ते तेथें होते, आणि ‘गीतारहस्य’ तेथेंच लिहिलें गेलें. त्याच मंडालेचा राजा थिबा यास इंग्रजांनीं १८८५ सालीं पदच्युत केलें व पुढें रत्नागिरीस, म्हणजे लोकमान्यांच्या जन्मगांवीं, आणून नजरकैदेंत ठेवलें. तेथेंच १९१६ सालीं त्याचा अंत झाला. त्याच्यासाठीं १९१० सालीं बांधून झालेला राजवाडा अद्याप उभा आहे. गिरण्यांच्या काळांत लालबाग-परळच्या चाळींत जीं कोंकणांतलीं कुटुंबें आलीं, त्यांच्या मुलांपैकीं कित्येकांनीं सुटींत गांवीं गेल्यावर तो पाहिलेला असतो. त्यांना वर्गांत विचारावें : या राजाची भाषा कोणती असेल? तो काय जेवत असेल? कोंकणचा पाऊस पाहून त्यास काय वाटलें असेल?

या शेवटच्या प्रश्नावर नकाशा उघडावा. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीस अडतात, कोंकण भिजतें आणि घाटापलीकडील देश कोरडा राहतो, हें मुंबईच्या मुलास ठाऊक असतें. म्यानमारांत नेमकें हेंच घडतें. बंगालच्या उपसागरावरून येणारा पाऊस आराकान योमा पर्वतास अडतो. किनाऱ्यावर अनेक ठिकाणीं १५० इंचांहून अधिक पाऊस पडतो. पर्वतामागील मंडालेस मात्र अवघा तीस-पस्तीस इंच. म्हणून किनाऱ्यावर व इरावतीच्या मुखाशीं भात पिकतो, तर मधल्या कोरड्या पट्ट्यांत तीळ, भुईमूग आणि ज्वारीसुद्धां. थिबा राजा जणूं देशावरून कोंकणांत आला, एवढें म्हणतांच सारा धडा मुलांच्या ध्यानांत येतो.

जमीन बदलते तशी राहणीही बदलते. शान पठारावरील इन्ले सरोवरांत इंथा लोक उभ्यानें एका पायानें वल्हें मारतात, आणि तरंगत्या वाफ्यांवर टोमॅटो पिकवितात. उत्तरेकडील काचिन व पश्चिमेकडील चिन डोंगरांत भाषा निराळ्या, आणि तेथें ख्रिस्ती लोक मोठ्या संख्येनें. सखल प्रदेशांतील बौद्ध घरांत मुलाचा शिनब्यू नांवाचा संस्कार होतो. त्यास राजपुत्रासारखा सजवितात, मग मुंडन करून कांहीं दिवस विहारांत श्रामणेर म्हणून ठेवतात. बायका थनाखाचें खोड सहाणेवर उगाळून गालांस लावतात.

मुलांना येथें मुंजीची आणि चंदनाची आठवण होईल, आणि ती व्हावीच. परंतु शिक्षकानें तेथें थांबूं नये. ‘ते आपल्यासारखेच’ हें उत्तर ‘ते अगदीं निराळे’ या उत्तराइतकेंच उतावळें आहे. मुंज ठराविक जातींत होते. शिनब्यूस जातीचें बंधन नाहीं. साम्यानें दार उघडावें, आणि भेद पाहण्यासाठीं आंत जावें.

शिवाय, डोंगर आणि पाऊस यांनीं सर्वच गोष्टींचा उलगडा होत नाहीं. त्याच आराकान किनाऱ्यावर, त्याच पावसांत, तोच भात पिकवून राखाइन बौद्ध आणि रोहिंग्या मुसलमान राहत आले. तेथील सरकार १३५ वंशगट मानतें. त्यांत रोहिंग्यांचें नांव नाहीं. २०१७ सालीं सात लाखांहून अधिक रोहिंग्या घरेंदारें सोडून बांगलादेशांत गेले. निसर्गानें ज्यांना एका भूमीवर ठेवलें, त्यांना माणसांनीं वेगळें काढलें. देशास एकच रंग देण्याची संवय केवळ परीक्षेतले गुण घालवीत नाहीं, ती माणसांना बेघर करूं शकते, हें वरच्या वर्गांतील मुलांस अवश्य सांगावें.

उपाय साधा आहे. देशाचें नांव घेतल्यावर ‘तेथें आणखी कोण राहतें?’ हा प्रश्न प्रत्येक वेळीं विचारावा. मुंबईंतील गोराईस २००९ सालीं खुला झालेला पॅगोडा रंगूनच्या श्वेडगोनच्या धर्तीवर बांधला आहे; सहलीस मुलांना तेथें न्यावें. ज्यांच्या प्रेरणेनें तो उभा राहिला ते सत्यनारायण गोएंका १९२४ सालीं मंडालेंतच जन्मले. म्हणजे मंडालेंत मारवाडी घरेंही होतीं!

मुंबईच्या मुलास ही संवय जड जाऊं नये. मंडालेच्या एखाद्या मुलानें ‘मुंबईचीं माणसें कशीं असतात?’ असें विचारलें, तर एका चाळींत कोंकणी, देशावरचीं, गुजराती व तेलुगू बिऱ्हाडें पाहिलेला मुलगा एका वाक्यांत उत्तर देऊं शकणार नाहीं. आपल्या गांवाविषयीं जें उत्तर त्यास अपुरें वाटतें, तें शेजाऱ्याविषयीं पुरेसें मानूं नये, इतकें त्यास उमगलें, म्हणजे भूगोलाचा तास सार्थकीं लागला.