घोड्याची झूल : केव्हा आणि कशी?



दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. तेथून किंवा अन्य बाजारांतून विकत घेतलेला घोडा जालना जिल्ह्यातील दावणीला येतो, तेव्हा थंडी पडू लागलेली असते. मालक मायेपोटी त्याच्या पाठीवर जाड गोधडी टाकतो.

दिवस लहान होऊ लागले की घोड्याच्या अंगावर दाट केस वाढतात. त्यांत कोंडलेली हवा त्याला ऊब देते. जड पांघरुणाने केस दबतात, घाम सुटतो आणि पहाटे तोच ओलावा बाधतो. वाऱ्यापासून आडोसा आणि रात्री पोटभर सुका चारा मिळाल्यास निरोगी, केसाळ घोड्याला झुलीची गरज सहसा भासत नाही. चारा पचताना शरीरात उष्णता निर्माण होते.

वृद्ध, कृश किंवा आजारी घोड्याला मात्र हलकी, हवा खेळती ठेवणारी झूल हवी. रुंद अंगाच्या घोड्याचे माप छातीच्या मध्यापासून कुशीवरून शेपटीच्या मुळापर्यंत घ्यावे. तोकडी झूल खांदा सोलते. मग ऐन लग्नसराईत घोडा बांधून ठेवावा लागतो व त्यावर चालणारा संसार अडचणीत येतो. पट्ट्याखालून हाताचा पंजा सहज सरकला पाहिजे. सकाळी झुलीखाली हात घालून पाहावा. ओल लागल्यास झूल उन्हात वाळवावी व घोड्याला खरारा करावा. एकाची झूल दुसऱ्यास घालू नये. त्यातून त्वचारोग पसरतात.

शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी एवढी माहिती पशुपालकांपर्यंत पोहोचविली, तर मुक्या जनावराचे हाल आणि मालकाचा नाहक खर्च, दोन्ही टळतील.