लसीच्या चाचणीला नाव द्यायचे तर
(तळवली, नवी मुंबई येथील बैठकीतील भाषण)



कापूस-ज्वारीच्या गावांतून ठाणे-बेलापूर पट्ट्यात कामाला आलेली आपली पोरे आज इथे बसली आहेत, आणि गावाकडून आलेली वडीलधारी मंडळीही. पोरांनी प्रश्न टाकला आहे : नव्या लसीच्या चाचणीसाठी माणसे हवीत असे कुणी विचारले, तर नाव द्यावे का? म्हातारी मंडळी म्हणतात, आम्ही काय उंदीर आहोत? आमचे म्हणणे, नाव द्यावे. पण व्यवहार समजून द्यावे.

चाचणी म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. नवे बियाणे आले की आपण सगळे रान त्याखाली घालत नाही. चार तासे नवे, शेजारी चार तासे जुने. खत तेच, पाऊस तोच. शेजारी जुने नसेल तर पीक बियाण्याने आले की पावसाने, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. लसीचेही तसेच आहे. पुष्कळ चाचण्यांत काहींना खरी लस देतात, काहींना लस नसलेले नुसते पाणी. कुणाला काय हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते, टोचणाऱ्यालाही ते ठाऊक नसते. म्हणजे नाव दिले की लस मिळालीच, असे नाही. हे ज्याला पटत नाही त्याने जाऊच नये.

आणि ही गोष्ट काही आजची नाही. या खाडीपलीकडे मुंबईत १८९६ साली प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा दीडशेच्या आसपास कैदी लस घ्यायला पुढे आले. न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला, ६ मेले. टोचलेल्यांत दोघांना झाला, मेले कुणी नाही. पुढच्या वर्षी बडोद्याजवळच्या उंडेरा गावात त्याने घराघरातली निम्मी माणसे टोचली, निम्मी तशीच ठेवली. तशी ठेवलेल्यांतली २६ दगावली, टोचलेल्यांतली ३. शेजारशेजारच्या तासांचाच हा हिशेब. त्या २६ जणांना कुणी काय विचारले होते, हा प्रश्न मात्र आम्हाला अजून छळतो. कैद्यांच्या 'हो'चेही तेच. कोठडीतल्या माणसाचा होकार आम्ही पुरता होकार मानीत नाही.

बरे, ते इंग्रजांचे राज्य होते म्हणावे, तर २००९ साली काय झाले? गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत बडोदा जिल्ह्यात हजारो मुलींना अभ्यास म्हणून दिली गेली. सात मुली मेल्या आणि एप्रिल २०१० मध्ये काम थांबवले. मृत्यू लसीने झाले असे चौकशीत निघाले नाही, हेही सांगितले पाहिजे. पण संमतीचे कागद काढले, तर आंध्रातल्या ९,५४३ कागदांपैकी २,७६३ कागदांवर आईबापांच्या नव्हे, वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या नि मुख्याध्यापकांच्या सह्या! पोर आपले आणि सही सरकारी नोकराची. सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा देणारे आपण, आपल्याला यात नवल ते काय वाटणार?

याच्या उलट वढू पाहा, पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात. तान्ह्या लेकरांना रोटा विषाणूने जुलाब लागतात, पाणी तुटून लेकरू हातचे जाते. त्यावरच्या देशी लसीची चाचणी २०११ पासून दिल्ली, वेल्लोर आणि वढूकडच्या गावांत झाली. ६,७९९ लेकरे होती. तिघांतल्या दोघांना तोंडातून लस, एकाला लस नसलेले थेंब. दर आठवड्याला घरी येऊन लेकराची चौकशी व्हायची. जोरदार जुलाबाचे प्रमाण पहिल्या वर्षात निम्म्याहून खाली आले आणि २०१६ पासून ती लस सरकारी लसीकरणात आली. ज्या आयांनी मांडीवरचे लेकरू पुढे केले, त्यांच्यापैकी एकीचे नाव कुठल्या पाटीवर नाही.

आता तुमच्या कामाचे. २०१९ च्या नियमांप्रमाणे माहितीपत्रक तुम्हाला समजेल अशा भाषेत मिळाले पाहिजे. वाचता येत नसेल तर चाचणीवाल्यांशी संबंध नसलेला साक्षीदार समोर हवा. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई वेगळी. मधेच सोडून यावेसे वाटले तर कारण न सांगता येता येते, त्यापायी पुढचा औषधोपचार कुणी अडवू शकत नाही. जाण्यायेण्याचा खर्च, बुडालेली मजुरी कोण देणार हे आधी विचारा. त्यात लाज कसली? पण केवळ चार पैसे मिळतात म्हणून कुणी जात असेल, तर त्याला आम्ही अडवू. पैशाची नड असलेला माणूस आपला जुना आजार लपवतो. त्यात त्याच्या जिवाला धोका आणि चाचणीचाही हिशेब चुकतो.

धोका अजिबात नाही असे जो सांगेल, त्याच्या कागदावर सही करू नका. आणि जिथे कराल तिथे सही केलेल्या कागदाची एक प्रत मागून घ्या. ती तुमच्या हक्काची आहे. सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा, आणि ती कुठे आहे हे घरातल्या बाईला सांगून ठेवा.