कानातलं गाणं, गळ्यातलं गाणं

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या लातूर येथील शिबिरात केलेले भाषण)



मला विषय दिला आहे 'मनःशांतीसाठी संगीत'. तो ऐकून काहीजणी हसल्या, ते मी पाहिलं. पाण्याचा टँकर, रोजगार हमीची मजुरी, घरातली मारहाण हे सगळं सोडून आता ताई आपल्याला बासरी ऐकवणार! तर माझी फजिती सांगूनच सुरुवात करते, कारण मी खरोखरच बासरी ऐकवली होती.

मुखेड तालुक्यातल्या एका गावात आमचा एकट्या बायकांचा गट आहे. त्यातल्या बऱ्याचजणींच्या नवऱ्यांनी कर्जापायी जीव दिलेला. त्यांच्या तोंडी 'नैराश्य' हा शब्द कधीच येत नाही. "जीव घाबरा होतो, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, डोक्यात कलकल होते, भाकरी गोड लागत नाही," असं त्या सांगतात. मी एक दिवस मोबाइलवर बासरी लावली, मागे झुळझुळ पाण्याचा आवाज. डोळे मिटा म्हटलं, अंग सैल सोडा. पंधरा मिनिटांत दोघी घोरायला लागल्या. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात एक म्हणाली, "ह्यात पाणी लई हाय ताई, आमच्या नळाला कवा यील?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण मग साठीतली एक माय शांतपणे म्हणाली, "ग्वाड वाटलं बाई. पर मनातलं मनातच ऱ्हायलं."

आणि तिनं आपणहून ओवी धरली. जात्यावरची, पण गेलेल्या लेकावर रचलेली. ती मी इथं म्हणून दाखवणार नाही, ती तिची आहे. दुसऱ्या ओळीला शेजारणीनं आवाज मिसळला, मग तिसरीनं. कोपऱ्यात बसणारी एकजण दोन वर्षांत गटात एक शब्द बोलली नव्हती. ती त्या दिवशी मोठ्यानं रडली. मोबाइल माझ्या हातात तसाच राहिला.

त्या दिवसापासून मी कानातलं गाणं आणि गळ्यातलं गाणं असे दोन भाग करते. कानातलं गाणं वाईट नाही. संथ लयीचं संगीत ऐकलं की श्वास हळू होतो, धडधड कमी होते, झोप लागायला मदत होते. संकट आल्यासारखं सतत ताठ राहिलेलं शरीर थोडं सैल पडतं. फुकट आहे, अपाय नाही, ज्यांना आवडतं त्यांनी जरूर ऐकावं. मात्र 'मेंदूच्या लहरी बदलणारं संगीत', 'अमुक हर्ट्झचा चमत्कारी नाद' असे जे दावे पूर्वी कॅसेटच्या वेष्टनावर असत आणि आता मोबाइलवर दिसतात, त्यांना भक्कम आधार नाही. त्यापायी एक रुपयाही घालवू नका.

गळ्यातलं गाणं आणखी काहीतरी करतं. ओळ म्हणायची तर श्वास पटकन घ्यावा लागतो आणि लांबवर सोडावा लागतो. श्वास सोडताना हृदयाची गती उतरते. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची एक लांब नस आहे, तिच्यामार्फत हे घडतं. २००१ साली इटलीतल्या डॉक्टरांनी माणसांना जपमाळेची प्रार्थना आणि योगातला मंत्र म्हणायला लावून मोजमाप घेतलं. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला साधारण सहावर आला. आपल्या ओवीचं मोजमाप तिथं कोणी घेतलं नाही, पण एका दमात ओळ ओढून बघा, काय होतं ते तुम्हालाच कळेल.

इंग्लंडमध्ये बाळंतपणानंतर मन खचलेल्या १३४ आयांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. काहींना दहा आठवडे एकत्र गायला बोलावलं, काहींना इतर खेळांसाठी, काहींना फक्त नेहमीची मदत. ज्यांचा त्रास मध्यम किंवा तीव्र होता, त्यांच्यात गाणाऱ्या लवकर सावरल्या. २०१७ साली कॉक्रेन या संस्थेनं नऊ अभ्यास एकत्र तपासले. नेहमीच्या उपचाराला संगीतोपचाराची जोड दिली तर निदान काही काळ नैराश्य कमी होतं, असं त्यात दिसलं. 'जोड' हा शब्द लक्षात ठेवा. औषधाऐवजी गाणं, असं तिथं कोणीही म्हटलेलं नाही.

आपल्याकडे तर बाईनं दुःख सांगायची रीतच गाण्यातून होती. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, हजाराहून जास्त गावांतून. आपल्या शेजारी माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्याही त्यात आहेत. सासरचा जाच, माहेरची ओढ, मेलेलं लेकरू, सगळं त्यात येतं. सासू शेजारच्या खोलीत जागी असायची आणि तिच्याविषयी सुनेला जे बोलायची सोय नव्हती, ते ओवीत म्हणता यायचं.

जातं परत आणा असं मी म्हणत नाही. पहाटे उठून दळणाऱ्या बाईच्या खांद्याला विचारा. गिरणी आली ते बरंच झालं. पण दळणाबरोबर ती घटकाही गेली, आणि तिच्या जागी आपण दुसरी ठेवली नाही.

किल्लारीकडच्या बायकांकडून मला हेच ऐकायला मिळालं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन छप्पन्नला भूकंप झाला, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. नवी गावं वसली, सरळ रस्ते, लांब लांब घरं. एक आजी म्हणाली, "घर चांगलं दिलं, पण हाक मारली तर शेजारणीला ऐकू जात नाही." जड ट्रक गेला की ती अजून दचकून उठते.

आता जपून राहायची गोष्ट. गाणं बाईला गप्प करायला वापरलं जातं. औसा तालुक्यातल्या एका घरात सुनेला रोज मार होता, आणि घरचे तिला म्हणत, "मोबाइलवर भजन ऐक, डोकं शांत ठेव." मोबाइल नवऱ्याचा! तिला भजनाची नाही, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची आणि संरक्षण अधिकाऱ्याची गरज होती. तसंच दोन आठवडे उलटले तरी झोप नाही, जेवण नाही, कशातच मन नाही, मरणाचे विचार येतात, तर ते गटातलं गाणं पुरं पडत नाही. तिला एकटी सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. १४४१६ हा टेली-मानसचा फुकट क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून आहे, मराठीत बोलता येतं. २०१७ च्या कायद्यानं मानसिक उपचार हा हक्क झाला आहे. जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या बाईवर खटला भरून तिला शिक्षा करायची नाही, ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं, हेही त्याच कायद्यात आहे. नातेवाईक पोलिसांच्या भीतीनं लपवतात आणि उपचार राहून जातात, म्हणून हे गावात मोठ्यानं सांगा.

आमच्या गटात आता दर मंगळवारी पहिली वीस मिनिटं बचतीचे हप्ते विचारायचे नाहीत. जिला जे येतं ते ती म्हणते. ओवी, भीमगीत, पंचमीचं गाणं. आमच्या मुस्लिम मैत्रिणी लग्नातली ढोलकची गाणी म्हणतात. गायचं नसेल तिनं नुसतं बसावं. कोणी रडली तर 'रडू नको' म्हणायचं नाही, हा एकच नियम. आणि शिट्टी वाजली की कुकर बंद करायला घरचं दुसरं कोणीतरी उठेल, हे प्रत्येकीनं आधी घरी ठरवून यायचं. गाण्यापेक्षा हेच अवघड गेलं. दोघींना अजून जमलेलं नाही.

सध्या आम्ही देवळाच्या ओट्यावर बसतो. तिथं सगळ्याजणी मोकळेपणी येऊ शकत नाहीत, का ते तुम्हाला सांगायला नको. समाजमंदिर रिकामं असतं, पण किल्ली एका पुढाऱ्याच्या घरी असते. दोन अर्ज दिले, उत्तर नाही. तिसरा आज इथंच लिहून घेऊ या. जेवणानंतर सह्यांसाठी थांबा, आणि तुमच्या गावातली किल्ली कोणाकडे असते तेही सांगा.