भाषा आणि भाकर



१९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसचे स्मारक म्हणून उभ्या राहिलेल्या कमानिया गेटखालून आपण नित्य जातो-येतो. त्या कमानीने आपल्या भाषेचे दिवस पालटतानाही पाहिले आहेत. जुन्या मध्यप्रांताची राजधानी नागपूर होती, आणि १९५० च्या कायद्याने हिंदीबरोबर मराठीही राजभाषा ठरली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि जबलपुरातील मराठी कचेरीतून उठून माजघरात येऊन बसली. तिच्यावरील आपले प्रेम आटले नाही; तिचे काम मात्र सरले. काम सरलेली भाषा किती पिढ्या टिकेल, हाच आपल्यापुढील खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाशी झगडणारे आपण एकटे नव्हे. स्कॉटलंडमध्ये गेलिक बोलणारे १८९१ साली अडीच लाखांवर होते. २०११ च्या शिरगणतीत ते ५८,००० च्या आसपास उरले. पोटासाठी तरुण बेटे सोडीत, आणि त्यांच्याबरोबर भाषाही नावेत बसे. इयन नोबल या पेढीव्यावसायिकाने हे ओळखले. त्यांनी स्काय बेटावर जमीन घेतली आणि १९७३ साली शेतावरील जुन्या इमारतीत ‘साऊल मोर ओस्टेग’, म्हणजे ओस्टेगचे थोरले कोठार, ही संस्था स्थापण्यात पुढाकार घेतला. मालेगहून येणारी फेरीबोट जेथे लागते, त्या आर्मडेलपासून ती दूर नाही. १९८३ पासून तेथे गेलिक माध्यमातून व्यवसायाचे पूर्णवेळ शिक्षण मिळू लागले. गळती त्याने थांबली असे नव्हे. परंतु भाषेची भाकरीशी पुन्हा गाठ पडली.

आपल्या शेजारच्या विदर्भातही, गडचिरोली जिल्ह्यातील मोहगावच्या ग्रामसभेने राजाश्रयाची वाट न पाहता २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली.

हिंदी आपली पोशिंदी आहे. तिच्याशी आपले भांडण नाही. गणेशोत्सव आणि नाटकेही हवीतच. पण केवळ सणासुदीला येणारी भाषा घरात पाहुणीच राहते. म्हणून घरखर्चाचा हिशेब, मुलांचे गणित, मंडळाचे इतिवृत्त आणि परगावच्या नातवंडांना पत्र, एवढे तरी आपण मराठीत करू या. तिला रोजचे काम दिले, तर ती आपल्या घरी राहील.