बैठक आणि वही

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी बैठकीवर बोलणार म्हटल्यावर घरात हशा पिकला. "तुम्हां बायकांची बैठक म्हणजे चहा आणि गप्पा!" आमच्या घरचे चाकणला कारखान्यात आहेत. पाळी सुरू होण्याआधी त्यांची दहा मिनिटे उभ्यानेच बैठक होते. सतरंजी नसते म्हणूनच ती लवकर संपत असावी.

१९९७ साली आपले पुनावळे पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले, आणि पंचायतीबरोबर ग्रामसभाही गेली. आता बायकांनी मिळून काही ठरवायचे तर मंडळ, बचत गट, नाही तर सोसायटीची सभा.

बचत गटांना बँकांशी जोडण्याचे काम नाबार्डने १९९२ साली सुरू केले. गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, गटातल्या गटात कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब. यांत बैठक पहिली का, हे मला उशिरा उमगले. उरलेली चारही कामे बैठकीतच व्हायची असतात.

माझीच चूक सांगते. एकदा लग्नाच्या साड्यांवर बोलणे रंगले, अंधार पडला, आणि मी 'उद्या लिहीन' म्हणून वही मिटली. एका बाईंनी त्या दिवशी हप्त्याचे पाचशे रुपये दिले होते. ते मी साफ विसरले. पुढल्या महिन्यात त्यांच्या नावावर थकबाकी निघाली. "वहिनी, तुमच्याच हातात दिले होते," त्या सर्वांसमोर म्हणाल्या. वहीत नोंद नव्हती. दोन दिवसांनी पिठाच्या डब्यामागे रुमालात बांधलेले पाचशे रुपये मला सापडले. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला, पण गटात त्या पुन्हा आल्या नाहीत.

तेव्हापासून पैसे आधी, गप्पा मागून. रक्कम सर्वांसमोर मोजायची. काय ठरले, कोण करणार, केव्हापर्यंत, हे तिथेच लिहून मोठ्याने वाचायचे आणि मगच सह्या घ्यायच्या. आणखी एक. सासू बोलून गेली की सून तोंड उघडत नाही. म्हणून आम्ही धाकटीला आधी विचारतो. कर्जाचे व्याज कमी करावे, हे अशाच एका सुनेने सुचवले.

मी सातवी शिकलेली. वहीत माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकतात, त्यावर मुले हसतात. हसोत बापडी, आकडा चुकत नाही.

त्या बाई आज या सभेला आल्या आहेत. गटाची बैठक येत्या शनिवारी चार वाजता आहे. त्यांनाही निरोप धाडला आहे.