वेळेलाही गाव असते

रमजानमध्ये नागपूरचा रोजा मुंबईच्या आधी सुटतो. घड्याळ एकच, पण सूर्य ज्या त्या गावचा. माणसाला हे कळते. संगणकाला सांगावे लागते.

माझा भाचा पुण्यात बसून न्यूयॉर्कच्या एका कंपनीचे संगणक सांभाळतो. तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी उन्हाळ्यासाठी घड्याळ पुढे करतात. रात्री दोनचे एकदम तीन होतात; अडीचला नेमलेले काम राहून जाऊ शकते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ दोनवरून पुन्हा एकवर येते. दीडला लावलेले पगार दोनदा जाऊ शकतात!

‘मामू, यंत्राचा हिशेब जागतिक वेळेत ठेवायचा,’ तो म्हणाला. ‘पण दुकान नऊलाच उघडायचे असेल, तर नऊसोबत गावही नोंदवायचे.’

मला पटले. नुसता आकडा म्हणजे वेळ नव्हे.